रोजा आणि वारशाने आलेला आजार

रमजानमध्ये जुन्नर, मंचर, घोडेगावच्या मोहल्ल्यांत सहेरीनंतर मगरीबच्या अजानपर्यंत रोजेदार पाण्याचा थेंबही घेत नाहीत. निरोगी माणसाला ते झेपते. पण काही घरांत मूत्रपिंडाचा एक आजार पिढीजात चालत येतो. त्यात दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याने भरलेल्या गाठी वाढत जातात. आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक मुलाला-मुलीला तो येण्याची शक्यता ५० टक्के असते.

तरुणपणी बहुधा काहीच जाणवत नाही. रक्तदाब मात्र लवकर वाढू लागतो. म्हणून घरात या आजाराने कुणी डायलिसिसवर असेल, तर इतरांनी डॉक्टरांना विचारून रक्तदाब आणि सोनोग्राफी तपासून घ्यावी. लग्न जमायचे आहे म्हणून हे लपवले जाते आणि हाती असलेली वर्षे निघून जातात.

गाठी नाहीशा करणारे पथ्य नाही, पण मूत्रपिंडावरचा भार कमी करता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एका छोट्या चमच्यापेक्षा कमी हवे. इफ्तारची भजी, पापड, लोणचे यांतच त्यातले बरेचसे संपते. तंबाखू-मिश्री सोडावी, अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. मूत्रपिंड बरेच निकामी होऊन रक्तातले पोटॅशियम वाढले असेल, तर खजूर, नारायणगावचा टोमॅटो आणि मंचरचा बटाटाही डॉक्टर सांगतील तेवढाच. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकडावा आणि ते पाणी टाकून द्यावे.

खरा प्रश्न तहानेचा आहे. पाणी कमी पडले की शरीरात ते राखून ठेवणारे संप्रेरक वाढते आणि त्यामुळे गाठींच्या वाढीला हातभार लागतो. म्हणून रोजा ठेवायचा की नाही, हे रमजानआधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावे. गोळ्यांच्या वेळाही आपल्या मनाने बदलू नयेत.

कुरआनच्या सूरह बकरामध्ये आजारी माणसाला सवलत आहे: रोजे नंतर पूर्ण करावेत. बरे होण्याची आशाच नसेल, तर उलमा फिदिया सांगतात, म्हणजे प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवण. ही पळवाट नव्हे, हाही दीनचाच हुकूम आहे. शेजारी निर्जळा एकादशी करणाऱ्या रुग्णानेही डॉक्टरांना असेच विचारावे.

आणि एखादा तरुण दुपारी पाणी पिताना दिसला, तर “रोजा नाही का?” असे चारचौघांत विचारू नये. कदाचित तो औषधच घेत असेल.