वॉटर्सनंतरचा फ्लॉइड

पिंक फ्लॉइडचे चाहते जमले की एक वाद ठरलेला. १९८५ मध्ये रॉजर वॉटर्स बाहेर पडला, तिथेच बँड संपला. नंतरचे अल्बम म्हणजे डेव्हिड गिलमोरने जुन्या पाटीखाली थाटलेलं दुकान, असं एका बाजूचं ठाम मत. खुद्द वॉटर्सही नावासाठी कोर्टात गेला होता. १९८७ च्या अखेरीस तडजोड झाली आणि नाव गिलमोर व ड्रमर निक मेसन यांच्याकडे राहिलं.

गाण्यातल्या शब्दांपुरतं पाहिलं तर वॉटर्सचे पाठीराखे बरोबर आहेत. त्याच्या लेखणीची धार नंतर कुणालाच साधली नाही. पण या भांडणात कीबोर्डवरचा रिचर्ड राइट कुणाला आठवत नाही, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. वॉटर्सच्या हुकमतीतल्या १९८३ च्या ‘द फायनल कट’वर राइट नाहीच. त्याला आधीच बँडबाहेर काढलं होतं. मग तो अल्बम तरी पुरता फ्लॉइडचा कसा?

१९८७ च्या ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’साठी तो परतला, पण पगारी वादक म्हणून. मेसनऐवजीही बऱ्याच ठिकाणी दुसऱ्यांनीच ड्रम वाजवले. हा अल्बम मला कायम कोरडा वाटत आला. २०१९ मध्ये मेसनचे ड्रम नव्याने घेऊन आणि राइटचे कीबोर्ड पुढे आणून त्याचं पुन्हा मिक्सिंग झालं, तेव्हा कुठे त्यात जीव आला.

१९९४ च्या ‘द डिव्हिजन बेल’ची गोष्टच निराळी. अकरापैकी पाच रचनांवर राइटचं नाव आहे, आणि १९७३ नंतर प्रथमच एका गाण्यात मुख्य आवाजही त्याचा आहे. पहिली रचना ‘क्लस्टर वन’ ऐका. आधी नुसती खरखर, मग पियानोचे मोजके सूर, त्यांना गिटारचं उत्तर. मैफलीत जुने साथीदार एकमेकांना जागा देतात, तसंच. शब्द एकही नाही, तरी कुणाचं संगीत आहे हे लगेच कळतं.

राइट २००८ मध्ये गेला. १९९३-९४ च्या उरलेल्या ध्वनिमुद्रणांतून २०१४ चा ‘दि एंडलेस रिव्हर’ उभा राहिला. तो अपुरा वाटतो, पण प्रेमाने केलेला आहे. ‘द डिव्हिजन बेल’ला मात्र मी बिनदिक्कत फ्लॉइडचा अल्बम म्हणतो. पटत नसेल, तर ‘क्लस्टर वन’ एकदा हेडफोन लावून, फक्त पियानोकडे कान देऊन ऐका.