हमालाचे कार्य शून्य कसे?

शालेय पदार्थविज्ञानाचे एक वाक्य असे आहे की, जे कलाशाखेकडे वळलेला विद्यार्थीही सहसा विसरत नाही. डोक्यावर ओझे घेऊन सपाट फलाटावरून चालणारा हमाल त्या ओझ्यावर काहीच कार्य करीत नाही, हे ते वाक्य. सूत्रे विसरतात, आकृत्या पुसट होतात, पण हे वाक्य मात्र टिकून राहते. कारण ते मनाला खटकलेले असते. घामाने निथळणारा माणूस डोळ्यांसमोर दिसतो आहे आणि शास्त्र म्हणते, याचे कार्य शून्य! परीक्षेत तसे लिहून गुण मिळवता येतात, शंका मात्र तशीच राहते. शास्त्राला श्रमांची किंमत कळत नाही, की आपल्याला शास्त्राची भाषा कळलेली नाही?

या प्रश्नाची उकल करायची तर कार्य, ऊर्जा आणि शक्ती हे तीन शब्द नीट समजून घ्यावे लागतात. शब्दांचा अर्थ तपासणे हा तर आपल्याच शाखेचा व्यवसाय. तेव्हा गणिताची फारशी भीती न बाळगता या तीन शब्दांकडे वळायला हरकत नाही.

प्रथम 'कार्य' घेऊ. आपल्या बोलीत कामाचा संसार मोठा आहे. कारकुनाचे काम असते, शेतातले काम असते, घरात लग्नकार्य असते, कोणी समाजकार्य करतो, तर कोणी अगदी कामातून जातो. शास्त्राने या पसाऱ्यातून एकच अर्थ उचलला आणि त्याला चौकट घातली. एखाद्या वस्तूवर बल लावले आणि त्या बलाच्या दिशेने वस्तू सरकली, तरच कार्य झाले. बल आणि त्याच दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार म्हणजे कार्य. ते मोजण्याचे एकक ज्यूल. शंभर ग्रॅमचा एक पेरू जमिनीवरून उचलून मीटरभर उंच धरला की साधारण एक ज्यूल कार्य होते.

आता हमालाकडे पाहू. पन्नास किलोचे ओझे त्याने जमिनीवरून दीड मीटर उंच डोक्यावर घेतले, तेव्हा त्याने ओझ्यावर सुमारे ७३५ ज्यूल कार्य केले. येथपर्यंत शास्त्र त्याला पूर्ण मान देते. पुढे तो चालू लागतो. आता त्याचे बल ओझ्याला वर तोलून धरते आहे आणि ओझे मात्र आडवे पुढे चालले आहे. बलाच्या दिशेने, म्हणजे वरच्या बाजूला, ते तसूभरही सरकत नाही. चालू लागताना ओझ्याला वेग देण्यात थोडे कार्य होते. पण थांबताना तो वेग काढूनही घ्यावा लागतो. म्हणून ओझ्याच्या खात्यावर फलाटभराच्या चालण्याची नोंद शून्य.

अशी अरसिक व्याख्या शास्त्रज्ञांनी का केली असावी? याचे उत्तर इतिहासात सापडते. अठराव्या शतकात इंग्लंडमधील खाणींत पाणी साठे आणि ते उपसल्याशिवाय खोदकाम पुढे सरकत नसे. १७१२ साली थॉमस न्यूकोमेनचे वाफेवर चालणारे एंजिन या उपशासाठी उभे राहिले. खाणमालकाला एवढेच जाणून घ्यायचे होते, की हे यंत्र किती पाणी किती खोलीवरून वर आणते. यंत्र किती धापा टाकते, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. पाण्याचे वजन आणि चढवलेली उंची यांचा गुणाकार हेच यंत्राच्या कामगिरीचे माप ठरले. पुढे १८२९ साली गास्पार कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने याच गुणाकाराला शास्त्रीय 'कार्य' हे नाव दिले. त्यासाठी त्याने वापरलेला फ्रेंच शब्द व्यवहारात श्रमाला, मजुरीच्या कामालाच वापरला जाणारा शब्द होता. म्हणजे आपल्या मनातील घोटाळा हा त्या नामकरणाच्या क्षणापासून चालत आलेला आहे!

खाणी दूर राहू द्या. आपल्याकडची मोट घ्या. बैलांनी धावेवरून खाली जात दीडशे लिटर पाण्याची मोट दहा मीटर वर ओढली आणि थारोळ्यात ओतली, तर पाण्यावर १४,७०० ज्यूल कार्य झाले. बैल खिल्लारी आहेत की आणखी कोणते, मोटकऱ्याने गाणे म्हटले की नाही, याने या आकड्यात फरक पडत नाही. धाव उतरती का ठेवत, याचेही उत्तर येथेच मिळते. उतरणीवर बैलांचे स्वतःचे वजनही ओढीला मदत करते. ज्या अनामिक शेतकऱ्याने पहिली धाव बांधली त्याने सूत्र लिहिले नाही, पण हिशेब ओळखला होता.

मग हमालाचा घाम गेला कोठे? येथे दुसरा शब्द येतो : ऊर्जा. कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा, अशी व्याख्या आपण पाठ केलेली असते. ताणलेल्या धनुष्यात ती असते, उंचावर साठवलेल्या पाण्यात असते, धावत्या गाडीत असते, लाकडात, रॉकेलमध्ये आणि भाकरीतही असते. स्थितीमुळे असेल तर स्थितिज, गतीमुळे असेल तर गतिज, अशी तिची नावे बदलतात.

भिंतीवरची खुंटी दिवसभर पिशवी तोलून धरते. तिला भूक लागत नाही. आपण मात्र तीच पिशवी हात लांब करून धरली, तर पाच मिनिटांत हात थरथरू लागतो. दोघांचेही पिशवीवरचे कार्य शून्यच. मग फरक कशाचा? फरक आहे तो स्नायूंच्या रचनेचा. खुंटीचे लाकूड एकदा ठोकले की ठोकले. स्नायूंतील अतिसूक्ष्म धागे मात्र ताण टिकवण्यासाठी सतत एकमेकांना धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. या प्रत्येक धरसोडीत अन्नातून मिळालेली ऊर्जा खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. हमालाच्या मानेत, पाठीत, पायांत हेच चालू असते. शिवाय प्रत्येक पावलागणिक त्याचे शरीर थोडे वर उचलले जाते आणि खाली येते. त्याचा घाम हा शरीरात निर्माण झालेली ही उष्णता बाहेर टाकण्याचा उपाय आहे.

तेव्हा हमालाचे खाते एक नसून दोन आहेत. एक ओझ्याचे, ज्यात फलाटभर शून्य आहे. दुसरे त्याच्या शरीराचे, ज्यात खर्च सारखा चालू आहे. शास्त्राने पहिल्या खात्याला 'कार्य' म्हटले, म्हणून दुसरे खाते त्याने नाकारले असे नव्हे. पुस्तकातील वाक्यात 'त्या ओझ्यावर' हे दोन शब्द होते. आपण ते वगळून वाचतो आणि मग शास्त्राला निर्दय ठरवतो.

ही दोन खाती एकमेकांशी जुळतात, हे दाखवण्याचे मोठे श्रेय जेम्स प्रेस्कॉट ज्यूल याच्याकडे जाते. मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्ड येथे १८१८ साली एका मद्य गाळणाऱ्या व्यावसायिकाच्या घरी त्याचा जन्म झाला. १८४५ च्या सुमारास त्याने पाण्याच्या भांड्यात वल्ह्यांसारखी पाती बसवली आणि खाली उतरणाऱ्या वजनांनी ती फिरवली. पाणी घुसळले गेले आणि किंचित तापले. वजने किती उतरली यावरून कार्य मोजता येत होते, तापमापीवरून उष्णता मोजता येत होती. ठराविक कार्यातून दर वेळी ठराविकच उष्णता मिळते, असे त्याला दिसले. आजच्या मापाने बोलायचे, तर किलोभर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४,१९० ज्यूल लागतात. म्हणजे घाटमाथ्यावरून पाचशे मीटर खाली कोसळणारे पाणी, वाटेत दुसरे काही घडले नाही, तर जेमतेम सव्वा अंशाने गरम होईल! अशा प्रयोगांतूनच ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सिद्ध होत गेला. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही. ती फक्त रूप पालटते.

यावर चतुर विद्यार्थी विचारील, ऊर्जा नष्टच होत नसेल तर ऊर्जाटंचाईची ओरड कशासाठी? प्रश्न रास्त आहे. बंदा रुपया मोडून त्याची चिल्लर गावभर वाटली, तर गावातला रुपया गावातच राहतो. पण तो गोळा करून पुन्हा बाजार करता येत नाही. कोळशातील ऊर्जा ही बंद्या रुपयासारखी. जळल्यावर अखेर ती उष्णतेच्या रूपाने हवेत, पाण्यात, जमिनीत विखुरते. हिशेबात ती शिल्लक असते, पण आपल्या उपयोगाची राहत नाही. टंचाई असते ती उपयोगी पडेल अशा ऊर्जेची.

तिसरा शब्द शक्ती. मराठीत सर्वांत जास्त राबवलेला आणि म्हणून सर्वांत जास्त झिजलेला शब्द हाच असावा. अंगात शक्ती नसते, मोर्चात शक्तिप्रदर्शन होते, स्मरणशक्ती आणि इच्छाशक्ती असतात. मुंबईत तुर्भ्याजवळची वसाहत अणुशक्तिनगर म्हणून ओळखली जाते. पदार्थविज्ञानाच्या काटेकोर भाषेत तेथे 'ऊर्जा' हा शब्द हवा. कारण शास्त्रात शक्ती म्हणजे कार्याचा वेग. किती कार्य झाले हा एक प्रश्न, आणि ते किती वेळात झाले हा वेगळा प्रश्न. साठ किलो वजनाचा विद्यार्थी सात मीटर उंचीचा जिना चढला, तर कार्य सुमारे ४,१०० ज्यूल. मिनिटभर रमतगमत चढला तर शक्ती सत्तर वॅटच्या आतबाहेर. घंटा झाली म्हणून दहा सेकंदांत धावत चढला तर चारशे वॅटच्या वर. कार्य तेच, पण दुसऱ्या वेळी धाप लागते ती शक्तीमुळे.

सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॅट. हे नाव जेम्स वॅटच्या स्मरणार्थ आहे. त्याच्या वाफेच्या एंजिनाचे गिऱ्हाईक विचारी, हे यंत्र किती घोड्यांच्या बदली उभे राहील? व्यवहारी वॅटने घोड्याच्या कामाचे माप ठरवले : मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. हीच अश्वशक्ती, सुमारे ७४६ वॅट. दिवसभर राबणाऱ्या सामान्य घोड्याला हे माप जडच जाते. आपली मघाची मोट मिनिटाला एक या गतीने चालली, तर २४५ वॅट, म्हणजे अश्वशक्तीचा तिसरा हिस्सा भरतो. विहिरीवर तीन अश्वशक्तीचा पंप आला आणि मोट का अडगळीत गेली, ते या आकड्यावरून कळते.

विजेच्या बिलातील युनिट मात्र शक्तीचे नव्हे, ऊर्जेचे माप आहे. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट, म्हणजे ३६ लाख ज्यूल. मेगावॅट म्हणजे दर, युनिट म्हणजे साठा. नळाची धार आणि टाकीतले पाणी यांत जो फरक तोच येथे. कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे, पण ती सारी यंत्रे बाराही महिने अहोरात्र चालत नाहीत. पूर्वेकडे कृष्णेला मिळणारे कोयनेचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला कोकणात उतरवले जाते आणि असे किती पाणी वळवायचे यावर पाणीवाटपाच्या लवादाने मर्यादा घातलेली आहे. शक्ती भरपूर, ऊर्जा मोजकी. म्हणून ही वीज मुख्यतः मागणी एकदम वाढते त्या तासांसाठी राखून वापरली जाते. वृत्तपत्रातील बातमी वाचताना मेगावॅट आणि युनिट यांची गल्लत झाली, तर या धोरणातले काहीच कळणार नाही.

आता हे तिन्ही शब्द एकाच उदाहरणाला लावून पाहू. समजा, एका डोंगराळ वाडीतील स्त्री वीस मीटर खालच्या विहिरीवरून पंधरा लिटरचा हंडा आणते. अशा दहा खेपा, प्रत्येकीला वीस मिनिटे. पाण्यावर झालेले कार्य २९,४०० ज्यूल, म्हणजे एका युनिटाचा सुमारे एकशेविसावा भाग. बाजारभावाने याची किंमत काही पैशांच्या पुढे जात नाही. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप एवढे पाणी, गळती व घर्षण धरूनही, दोन-तीन मिनिटांत वर चढवील. तिला मात्र तीन तासांवर वेळ लागला. पाण्याच्या खात्यावर तिची शक्ती भरते अवघी अडीच वॅट!

तिच्या शरीराचे खाते वेगळे आहे. प्रत्येक खेपेला तिने स्वतःचे पन्नास किलोही वीस मीटर वर चढवले. तेच पाण्यावरील कार्याच्या तिप्पट होते. शिवाय स्नायू अन्नातील ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा कार्यात उतरवतात, उरलेल्याची उष्णता होते. उतरताना, तोल सांभाळताना, मान ताठ धरताना झालेला खर्च आणखी निराळा. एका युनिटाच्या नखभर तुकड्यासाठी तिने भाकऱ्यांच्या रूपाने केवढा खर्च केला, हे येथे दिसते.

आणि तिसरे खाते? त्या तीन तासांत मुलगी शाळेत गेली असती, बाई रोजगाराला गेली असती किंवा नुसती स्वस्थ बसली असती. हे खाते पदार्थविज्ञान मांडत नाही आणि मांडल्याचा आवही आणत नाही. ते मांडायचे काम अर्थशास्त्राचे, समाजशास्त्राचे, साहित्याचे. म्हणजे आपल्याच वर्गांतील विषयांचे आहे. श्रमाचे मोल ज्यूलमध्ये निघत नाही. पण ज्यूलचा हिशेब केल्याशिवाय त्या वाडीला किती लहानसा पंप पुरेल, हेही कळत नाही.

हमालाचे कार्य शून्य, या वाक्याने शास्त्राने हमालाचा अपमान केलेला नाही. त्याने फक्त कोणत्या खात्याविषयी आपण बोलत आहोत ते चोख सांगितले. अपमान होतो तो ते शून्य उचलून मजुरीच्या खात्यात लिहिले जाते तेव्हा, आणि तसे लिहिणारा माणूस शास्त्रज्ञच असतो असे नाही.