नरपडहून परळला, एका जेवणासाठी

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की डहाणूच्या बाजारात आदिवासी बाया शेवळांच्या जुड्या मांडून बसतात. शेवळं निवडायची म्हणजे वरची पात सोलायची, आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि शिजवताना काकडांचा आंबट रस घालायचा. यात कसूर झाली की घशाला खाज सुटलीच. चार दिवसांचा हंगाम आणि जाणता हात, मुंबईतल्या उंची रेस्टॉरंटात आपण पैसे मोजतो ते याच गोष्टींसाठी. म्हणून मला वाटतं, डहाणूजवळच्या आपल्या नरपडच्या माणसाने तिथे एकदा जावंच, आणि बिचकून तर मुळीच जाऊ नये.

सुरुवात लोअर परळच्या कमला मिलमधल्या 'द बॉम्बे कँटीन'पासून करावी. न्यूयॉर्क गाजवलेले मुंबईकर शेफ फ्लॉइड कार्डोझ यांनी दोन तरुण भागीदारांसोबत ते 2015 मध्ये उभं केलं. कार्डोझ 2020 मध्ये कोविडने गेले, पण आपल्याच प्रांतांतले पदार्थ आणि हंगामी भाज्या मानाने मांडायची रीत तिथे टिकून आहे. दुपारीही जेवण मिळतं, आपल्याला ते सोयीचं. 2013 पासून डहाणूची लोकल आहे. दादरला धीमी गाडी धरली की काम झालं.

महालक्ष्मीचं 'मास्क' मात्र सवडीने, मुंबईत मुक्काम असेल तेव्हा. जुन्या लोकर गिरणीच्या आवारात 2016 मध्ये ते सुरू झालं. 2022 च्या आशियातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत भारतातलं सर्वांत वरचं नाव याचंच होतं. इथे टेस्टिंग मेन्यू असतो, म्हणजे ताटाऐवजी दहाएक छोटे पदार्थ एकामागून एक येतात आणि त्यांचा क्रम शेफ ठरवतो. दोन घासांत संपणाऱ्या पदार्थामागे दोन-तीन दिवसांचं आंबवणं, सुकवणं असू शकतं. बोंबील वाळवणाऱ्या गावाला हे वेगळं समजावायला नको. दोघांचं बिल पाच आकड्यांत जातं. टेबल आधी राखून ठेवावं आणि काय खात नाही, काय सोसत नाही, ते तेव्हाच सांगावं.

काट्या-चमच्यांची धास्ती नको, हाताने खाल्लं तरी कुणी हटकत नाही. मासा आला की तो कुठल्या बंदराचा, हे वाढणाऱ्याला जरूर विचारा. चांगल्या ठिकाणी तो सांगतो, नाही तर आत जाऊन विचारून येतो.