मासिकांचा गठ्ठा बाजूला ठेवा: चालू घडामोडींची उजळणी

पूर्वपरीक्षा जवळ आली की एक प्रश्न हमखास येतो. "सर, वर्षभराची मासिकं साठली आहेत, उजळणी कशी करू?" माझं उत्तर: मासिकं पुन्हा वाचू नका. एकेक बातमी उचला आणि ती मागे कशाकशाला जोडलेली आहे ते शोधा. मी जबलपूरला राहतो, तेव्हा उदाहरणही इथलंच घेतो. सुरुवात मात्र भंडाऱ्यापासून.

24 जानेवारी 2025 ला भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत भीषण स्फोट झाला, कामगारांचे जीव गेले. बहुतेकांच्या वहीत या बातमीची तारीख आणि मृतांची संख्या असेल. आयोगाला त्यात फारसा रस नसतो. तुम्ही स्वतःला विचारा, हा कारखाना कोणाचा? "आयुध निर्माणी मंडळाचा" असं लिहिणारे आजही भेटतात, कारण जुन्या नोट्स हातोहात फिरत राहतात. कोलकात्याचं ते मंडळ 1 ऑक्टोबर 2021 ला विसर्जित झालं. त्याचे 41 कारखाने सात सरकारी कंपन्यांमध्ये वाटले गेले. भंडारा गेला म्युनिशन्स इंडियाकडे.

सात नावं घोकायला गेलात तर चार दिवसांत विसराल. त्यापेक्षा जबलपूर डोळ्यांसमोर आणा. या एका शहरातले चार कारखाने चार वेगवेगळ्या कंपन्यांत गेले. गन कॅरेज फॅक्टरी, 1904 ची, तोफांची. ती गेली ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडियाकडे, मुख्यालय कानपूर. व्हेइकल फॅक्टरी, जिथले शक्तिमान ट्रक आणि जोंगा माझ्या पिढीच्या प्रत्येक फौजीने वापरले. ती आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे, मुख्यालय आवडी, चेन्नईजवळ. (जोंगा या नावातला 'ज' जबलपूरचा, हे जाता जाता.) खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना म्युनिशन्स इंडियाकडे, मुख्यालय पुणे. ग्रे आयर्न फाउंड्री यंत्र इंडियाकडे, मुख्यालय नागपूर. उरल्या तीन: कपडे आणि तंबूंची ट्रूप कम्फर्ट्स, पॅराशूटची ग्लायडर्स इंडिया, दुर्बिणी आणि भिंगांची इंडिया ऑप्टेल. पहिल्या दोन कानपूरला, तिसरी डेहराडूनला.

हे झालं पूर्वपरीक्षेपुरतं. मुख्य परीक्षेत 'का' विचारतात. कारखाने सरकारी खात्याचा भाग होते. लष्कर मागणीपत्र पाठवायचं आणि माल तिथूनच घ्यायचा. किंमत, दर्जा, वेळ या तिन्हींबद्दल तक्रारी होत्या. विजय केळकर समितीने आणि पुढे लेफ्टनंट जनरल शेकटकर समितीने बदल सुचवले. कामगार संघटनांचं म्हणणं वेगळं होतं: शांततेच्या काळात मागणी घटते, तेव्हा कंपनी तग कशी धरणार? आणि सरकारी नोकर म्हणून असलेल्या हक्कांचं काय? गणवेशात होतो तेव्हा मी ग्राहकाच्या बाजूने पाहत होतो. आता निवृत्तीनंतर ज्या गावात राहतो तिथे असंख्य घरांची चूल या कारखान्यांवर पेटते. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. तुमच्या उत्तरातही दोन्ही आल्या पाहिजेत, मग निष्कर्ष कुठलाही काढा.

आता राज्यघटना उघडा. संपाची हाक आली तेव्हा सरकारने जून 2021 अखेर अध्यादेश काढला, नंतर अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा केला. म्हणजे अनुच्छेद 123 ची उजळणी इथेच: संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवडे, हे विसरू नका. शस्त्रं आणि दारूगोळा हा विषय संघसूचीत. विज्ञानासाठी धनुष तोफ आहेच: 155 मिलिमीटर, 45 कॅलिबर, बोफोर्सच्या जुन्या आराखड्यांवरून जबलपूरला विकसित झालेली, पहिल्या तोफा एप्रिल 2019 मध्ये लष्कराला मिळाल्या. अर्थव्यवस्थेसाठी संरक्षण उत्पादनातली 74 टक्क्यांपर्यंतची थेट परकीय गुंतवणूक, स्वयंचलित मार्गाने, 2020 पासून. एका बातमीत चार विषय झाले. अशा तीस-चाळीस बातम्या नीट केल्यात तर अर्धा गठ्ठा रद्दीत टाकता येईल.

एक गोष्ट मराठी माध्यमाच्या मुलांसाठी खास. मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, पण पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच असते. आणि चुकीचं उत्तर प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग घेऊन जातं. म्हणून प्रत्येक बातमीपुढे तिन्ही भाषांतली संज्ञा लिहा. इथे हिंदी प्रदेशात राहून मला हे रोज दिसतं. आपण मराठीत 'संरक्षण मंत्रालय' म्हणतो, हिंदीत ते 'रक्षा मंत्रालय'. हिंदी प्रश्नात 'मृदा संरक्षण' आलं तर तो शेतीचा प्रश्न आहे, आपल्याकडचं मृदसंधारण.