आजीची बाग आणि माझा टायमर

आमचं इंदूरचं घर जुनं. पुढे ओटा, मागे परस. परसात आजीची बाग : कढीपत्ता, मोगरा, गुलाब, तुळस, भाजीचे दोन वाफे आणि वीस-पंचवीस गमले. (कुंडीला आम्ही इंदूरकर सर्रास गमलाच म्हणतो!) तीन वर्षांपूर्वी आजी पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि बाग माझ्याकडे आली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पहिल्याच रविवारी ठिबकच्या नळ्या टाकल्या, फोनवरून चालणारा टायमर बसवला. रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं पाणी. उन्हाळा छान निघाला. जुलैत मी कामासाठी महिनाभर पुण्याला गेलो. आजीचा फोन आला, "अरे, पाऊस लागलाय, ते पाणी बंद कर." बाबाही म्हणाले, नळ बंद करू का? मी म्हटलं, "राहू द्या हो, थोडं जास्त पाणी मिळालं तर काय बिघडतं?"

परत आलो तेव्हा कढीपत्त्याची पानं पिवळी पडून गळत होती. दसऱ्यापर्यंत झाड वाळलं. आजोबांनी लावलेलं होतं ते.

आजी रागावली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं. ती एवढंच म्हणाली, "उद्यापासून माझी खुर्ची परसात ठेव." तेव्हापासून ती सांगते, मी करतो. जे शिकलो ते असं :

पावसाळा : माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते. ती फुगली की आत हवा राहत नाही आणि मुळं कुजतात. म्हणून झाडाभोवतीची अळी जूनमध्येच मोडायची, उलट बुंध्याशी मातीची भर द्यायची. गमल्यांची खालची भोकं काडीने मोकळी करायची. भेंडी, गवार, दोडका लावायचा तो याच दिवसांत.

हिवाळा : पाऊस संपला की ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी. साधारण दीड महिन्यात फुलं येतात. मेथी, कोथिंबीर तेव्हाच पेरायची. धणे चपलेखाली हलके रगडून दोन डाळी करायच्या, मग पेरायचे. मी अख्खे पेरले होते, वाट बघत बसलो! थंडीत झाडं कमी पाणी पितात. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या आणि कडाक्याच्या रात्री तिच्यावर जुनं सुती कापड टाकायचं.

वसंत : जानेवारीअखेर मोगऱ्याचं पाणी तोडायचं, फांद्या छाटायच्या. पंधरा दिवसांनी शेणखत घालून भरपूर पाणी. आधी उपाशी ठेवायचं, मग जेवू घालायचं, असं आजी म्हणते. एप्रिलमध्ये देवासाठी रोज ओंजळभर कळ्या मिळतात.

उन्हाळा : पारा चाळिशीपार जातो, काळ्या मातीला भेगा पडतात. भेगांतून ओल उडून जाते, म्हणून बुंध्याशी वाळक्या पानांचा जाड थर द्यायचा. पाणी ऊन चढायच्या आत. गमल्यांवर हिरवी जाळी.

आणि बाराही महिने एक नियम : पाणी द्यायच्या आधी बोट मातीत दोन पेरं खुपसायचं. आत ओल लागली तर पाणी नाही. टायमर मी काढला नाही, पण आता तो फक्त उन्हाळ्यात चालतो, तोही बोट घालून बघितल्यावर.

कढीपत्त्याचं राहिलंच. झाड गेल्यावर पुढच्या मार्चमध्ये आजीने खुर्चीतूनच काठीने दाखवलं, "तिथं बघ." वाळक्या खोडापासून हातभर अंतरावर वीतभर फुटवा आला होता. मुळावरून आलेला, म्हणजे आजोबांचंच झाड. पहिल्या पावसानंतर तो मातीच्या गोळ्यासकट काढला आणि वाळू-शेणखत मिसळून केलेल्या उंचवट्यावर लावला. आता तो माझ्या कमरेपर्यंत आलाय. मागच्या आठवड्यात त्याची चार पानं पहिल्यांदा वरणाच्या फोडणीत पडली. आजीने ताटातलं एक पान बोटांनी चुरगाळून वास घेतला आणि म्हणाली, "तोच आहे."

हल्ली रविवारी मी वही घेऊन तिच्या खुर्चीशेजारी बसतो. ती सांगते ते तारीख घालून लिहून ठेवतो. तुमच्याही घरी असं कुणी असेल तर या रविवारी त्यांची खुर्ची झाडांजवळ न्या आणि विचारा, आता काय करायचं?