दुसरी प्रत किती आज्ञाधारक असावी?

३१ जानेवारी २०१७ ची रात्र. प्रोग्रामर मंडळी आपला कोड जिथे ठेवतात, त्या गिटलॅब डॉट कॉमचा एक अभियंता दुसऱ्या डेटाबेस सर्व्हरशी झगडत होता. मुख्य सर्व्हरवर होणारी प्रत्येक नोंद या दुसऱ्यावरही उतरत राहायची. यालाच रेप्लिकेशन म्हणतात. त्या दिवशी भार एवढा वाढला की दुसरा मागे पडला आणि त्याने उचलण्याआधीच मुख्य सर्व्हरने मधल्या नोंदी काढून टाकल्या. साखळीच तुटली. आता दुसरा सर्व्हर रिकामा करून सगळी प्रत पहिल्यापासून घ्यायची, एवढाच मार्ग उरला. तशी आज्ञा दिली, तर ती गप्प. खरे तर मुख्य सर्व्हर डेटा कधी पाठवतो याची ती वाट पाहत होती, पण पडद्यावर तसे काही उमटत नव्हते. अभियंत्याला वाटले, उरलेले फोल्डर आड येत असावे. त्याने ते पुसायला घेतले आणि क्षणभरातच लक्षात आले, आपण मुख्य सर्व्हरवर आहोत. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले होते.

मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. रोजचा बॅकअप घेणारे साधन ९.२ आवृत्तीचे आणि डेटाबेस ९.६ चा, म्हणून ते सुरू होताच बंद पडत होते. अपयश कळवणारे ई-मेल निघत होते, पण पाठवणाऱ्याची ओळख पटत नसल्याने पलीकडे नाकारले जात होते. ॲमेझॉनवरचे कोठार रिकामे निघाले. तारले ते वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाच्या प्रतीने. संथ डिस्कवरून तो परत आणायला सुमारे १८ तास लागले. कोड शाबूत राहिला, पण सहा तासांतले साधारण ५००० प्रकल्पांचे, ५००० अभिप्रायांचे आणि ७०० नव्या खात्यांचे तपशील गेले. त्या अभियंत्याला दोष देणे मला पटत नाही. थकलेला माणूस चुकणारच, हे धरूनच व्यवस्था उभारायची असते. कंपनीने सारे उघड मांडले, दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली, हे तिचे मोठेपण.

रेप्लिकेशन आज्ञाधारक असते, हाच त्यातला धोका. मुख्य सर्व्हरवर चुकून पुसलेली फाइल दुसरीकडेही पुसली जाते. खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेली फाइल तशीच्या तशी पलीकडे पोहोचते. म्हणून दोन बॅकअप सर्व्हर जोडताना दुसऱ्याकडे आजच्या प्रतीबरोबर कालची आणि महिन्यापूर्वीचीही हवी. दुसऱ्याने पहिल्याकडून डेटा स्वतः ओढून घ्यावा. पहिल्याच्या हाती दुसऱ्यावरचे काही पुसण्याचा अधिकारच नसावा. पासवर्डही वेगळे.

अंतराचा प्रश्न त्याहून अवघड. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे आपत्कालीन केंद्र चेन्नईत आहे. सरळ रेषेत अंतर सुमारे १००० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद. प्रत्येक नोंदीला पलीकडची पोच मिळेपर्यंत थांबायचे ठरवले, तर कितीही पैसे ओतून हा वेळ कमी होत नाही. त्यामुळे लांबची प्रत सहसा थोडी मागून चालते. ती जेवढी मागे, तेवढा डेटा गमावायची आपली तयारी असते. बँकेला काही सेकंदही जड, शाळेच्या कार्यालयाला एक दिवस चालू शकेल. हा आकडा यंत्र घेण्याआधी ठरवावा.

पहिली प्रत मात्र वायरीवरून पाठवायचा हट्ट नको. १०० मेगाबिटच्या जोडणीवरून १० टेराबाइट जायला नऊ दिवसांहून जास्त लागतात, तेही जोडणी पूर्ण मोकळी असेल तर. डिस्क भरून गाडीने न्यावी, नंतर फक्त बदललेले तुकडे पाठवत राहावेत. आकार मोठा आहे म्हणून काम सोडून देऊ नये. दक्षिण कोरियातल्या देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचे ८५८ टेराबाइटचे कोठार जळाले. साठा फार मोठा, म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती.

जोडणी झाल्यावर दर महिन्याला पलीकडून एक जुनी फाइल परत आणून उघडून पाहावी, किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. आणि यंत्राला बिघडल्याचा निरोप पाठवायला सांगण्यापेक्षा रोज सकाळी ‘प्रत पोहोचली’ असा निरोप पाठवायला सांगावे. ज्या सकाळी तो येणार नाही, त्या सकाळी चहा होण्याआधी सर्व्हर बघावा.