व्रणावर रुजलेली वार

पहिले बाळ सिझेरियनने झाले, टाके पंधरवड्यात सुकले, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस तीच शस्त्रक्रिया झाली तर त्यात नवे भय ते कोणते, असा जो समज सुशिक्षित घरांतही रूढ आहे, तो पोटाच्या कातडीपुरता खरा असला तरी गर्भाशयापुरता खरा नाही. गर्भाशयावरील व्रण भरून येतो. पण तेथील अस्तर पूर्ववत होत नाही, आणि पुढील गर्भारपणात वार खालच्या भागात नेमकी त्या व्रणावर रुजली, तर तिला थोपविणारा थरच तेथे नसल्यामुळे ती स्नायूंत, क्वचित मूत्राशयापर्यंतही शिरते. एरवी बाळामागून आपसूक सुटणारी वार मग सुटत नाही. ओढू जावे तर रक्तस्राव आवरत नाही, आणि आईचा जीव राखण्यासाठी पुष्कळदा पिशवी काढावी लागते. अमेरिकेतील तीस हजारांवर सिझेरियनांची छाननी करून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वार खाली असलेल्या स्त्रियांत ती अशी रुतण्याचे प्रमाण पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी शेकडा ३, दुसऱ्या वेळी ११, तिसऱ्या वेळी ४० आणि चौथ्या वेळी ६१ आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील चौथा हिस्सा बाळंतपणे सिझेरियनने होतात, हे ध्यानी घेतले म्हणजे ही बाब परदेशापुरती राहत नाही.

‘एकदा सिझर, कायम सिझर’ हा शिरस्ता न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रॅगिन यांच्या १९१६ सालच्या वचनावरून पडला. त्या काळी गर्भाशयावर उभा छेद घेत, आणि क्रॅगिन यांचा मूळ रोख पहिलीच शस्त्रक्रिया विचारपूर्वक करावी, असा होता. शिष्यांनी सोयीचे तेवढे उचलले! आज छेद बहुधा खालच्या भागात आडवा असतो. अशा स्त्रीने कळा येऊ दिल्यास व्रण फाटण्याचा धोका हजारी पाच ते नऊ इतका राहतो, आणि योग्य निवड केलेल्या शंभरांपैकी साठ ते ऐंशी जणींची नैसर्गिक प्रसूती होते. मात्र तातडीने शस्त्रक्रिया करता येईल असेच रुग्णालय हवे. कातडीवरचा व्रण आडवा दिसला म्हणून आतलाही आडवाच असेल असे नाही. सबब पहिल्या वेळचा डिस्चार्जचा कागद जपून ठेवावा, कारण छेदाची दिशा त्यावरूनच कळण्याचा संभव असतो.

ठरवून केलेल्या सिझेरियनने बाळास काहीच इजा नाही, हेही अर्धसत्य. कळांच्या काळात बाळाच्या फुप्फुसांतील द्रव शोषला जाऊ लागतो. कळांवाचून आणि एकोणचाळीस आठवडे भरण्यापूर्वी काढलेल्या बाळास धाप लागून काचेच्या पेटीत ठेवण्याची पाळी अधिक येते. पंचांगातला मुहूर्त गाठण्यासाठी तारीख अलीकडे ओढणाऱ्या आजोबांना हे कोणी सांगत नाही. वार रुतल्याचे सोनोग्राफीत दिसले असेल तर मात्र डॉक्टर स्वतःच चौतीस ते छत्तीस आठवड्यांच्या सुमारास, पुरेशा रक्ताची तजवीज असलेल्या मोठ्या रुग्णालयात, शस्त्रक्रिया ठरवितात.